कानावरची पेन्सिल

आत्या व्हिडिओ बघत नसे, ऐकत असे. स्टुडिओत पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे खरं वाटायचं नाही. एडिटिंगच्या खोलीत डोकावावं, तर पडद्यावर कुणाचं तरी भाषण चाललेलं आणि आत्या पडद्याकडे पाठ करून, खिडकीच्या कट्ट्यावर कप ठेवून चहा पीत बसलेली. मध्येच ती कप खाली ठेवायची, खुर्ची गर्रकन वळवायची आणि म्हणायची, "इथे श्वास कापलाय." मागे जाऊन बघावं तर खरंच तिथे बोलणाऱ्याचा श्वास अर्ध्यावर तुटलेला असायचा. डोळे चेहऱ्याला भुलतात, कानांना भुलवता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि या मताच्या जोरावर तिने अख्खी हयात लोकांची भाषणं, निरोपसमारंभ आणि जाहिराती कापण्यात घालवली होती.

स्टुडिओ तिच्या भावाने काढलेला. चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सोफा, मोठा टीव्ही आणि गिऱ्हाइकं, आतल्या खोलीत आत्या. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर भावाला जिना चढवेना, तेव्हा धंदा त्याच्या मुलाकडे, म्हणजे आत्याच्या भाच्याकडे आला. भाचा तिला आत्या म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही आत्या म्हणायची आणि खालचा चष्मेवालाही. तिचं खरं नाव विचारण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

ज्या प्रोग्रॅमवर ती काम करायची, तो तिच्या हातात इतका मुरला होता की कीबोर्डावरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. डाव्या हाताने कापायचं, उजव्याने जोडायचं. नवरा औषधांच्या दुकानात दिवसभर उभा राहून दमलेला असायचा, तरी रात्री जेवताना विचारायचा, "ताटाच्या कडेवर काय टाइप करतेस?" आत्या बोटं आवरायची, पण पुढच्या घासाला ती पुन्हा चालू व्हायची.

मग तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी त्याच्यावरून हात उचलला. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना आणि जुना कॉम्प्युटर एके दिवशी धूर काढून मोकळा झाला. भाच्याने नवा प्रोग्रॅम आणला. तो उघडला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न यायचा: "आज काय बनवू या?"

"आधी मला चहा बनवू दे," आत्या पडद्याला म्हणाली आणि उठून गेली.

पहिले काही दिवस खोलीतून फक्त तिचा आवाज ऐकू यायचा. कापायचं बटण कुठे आहे, ते काल इथे होतं, आज कुणी हलवलं, मी तुझं काय घोडं मारलंय, असा एकतर्फी संवाद. नवा प्रोग्रॅम आगाऊ होता. न विचारता मदतीला यायचा. इंटरनेट गेलं की तोंड फिरवून बसायचा. कानाकोपऱ्यातून छोटे छोटे चौकोन उगवायचे आणि तिला काहीतरी शिकवू बघायचे. आत्याला शिकवलेलं आवडायचं नाही, तिला स्वतः शिकायला आवडायचं.

पण ती खोटारडी नव्हती. चांगलं ते चांगलं म्हणायची. दोन कॅमेऱ्यांचं चित्रण आवाजावरून आपोआप जुळवून एकाखाली एक लावलेलं पाहिलं, तेव्हा तिने भाच्याला हाक मारून दाखवलं. याच कामात पूर्वी तिची अख्खी सकाळ जायची. पंख्याची घरघर एका फटक्यात गायब झाली. पिवळट चेहरे माणसांत आले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, काहीही कापलं तरी मूळ चित्रण जसंच्या तसं शाबूत राहायचं. जुन्या प्रोग्रॅमात एकदा सेव्ह केलं की चूक दगडावरची रेघ व्हायची. "हा पोरगा उद्धट आहे, पण कामाचा आहे," तिने जाहीर केलं.

त्यातही एक बटण तिचं लाडकं झालं: "शांतता काढा." ते दाबलं की बोलण्यातल्या रिकाम्या जागा प्रोग्रॅम स्वतः शोधायचा आणि गाळून टाकायचा. एका बँकेच्या साहेबांचं निरोपाचं भाषण होतं. साहेब दर वाक्याला छताकडे बघून आठवायचे. बटणाने त्यांचं सगळं आठवणं उडवलं आणि साहेब असे धडाधड बोलू लागले की त्यांच्या बायकोने फोन करून विचारलं, हे नक्की आमचेच ना? आत्याने पाठ करून ऐकलं. कुठे खाच नाही, कुठे धक्का नाही. तिचा त्या बटणावर डोळे झाकून विश्वास बसला.

तेवढ्यात सुतारमास्तरांचं काम आलं.

मास्तर कर्णबधिर मुलांच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. स्वतः जन्मापासून बहिरे. हातांच्या भाषेत बोलायचे, त्याच हातांनी रंधा मारायचे. आता ते निवृत्त होऊन मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांच्या जागी येणारा शिक्षक ऐकू येणारा होता, हातांची भाषा अर्धीमुर्धी शिकलेला. म्हणून शाळेने ठरवलं की मास्तरांचे सगळे धडे व्हिडिओवर घ्यायचे. मुलं हातांवरून शिकतील आणि नव्या शिक्षकासाठी मास्तरांची मुलगी नंतर आवाज देईल.

काम मोठं होतं. भाच्याने आत्याला समोर बसवलं आणि मान खाली घालून बोलायला सुरुवात केली. तो असा बसला की काहीतरी बोचरं येणार, हे आत्याला त्याच्या शाळेपासून ठाऊक होतं.

"आत्या, स्पष्ट बोलतो. राग मानू नकोस. गिऱ्हाइकांना आता घाई असते. हे काम नव्या प्रोग्रॅमवर नीट झालं, तर आतली खोली तुझी. तुला विचारल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. नाही झालं, तर एडिटिंग मी बाहेर देतो. तू बाहेरच्या खोलीत बस. फोन घे, तारखा सांभाळ."

"मी फोन घेऊ?"

"म्हणजे, नाही जमलं तर."

"अरे, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी कापतेय," आत्या म्हणाली. "आण तुझे मास्तर."

तिच्या आवाजात कंप नव्हता. घरी जाताना मात्र तिने बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे एकदा पाहिलं. पोपटी रंगाचा, मठ्ठ चेहऱ्याचा फोन. तिला त्याचा संताप आला.

चित्रणाच्या दिवशी ती मुद्दाम शाळेच्या कार्यशाळेत गेली. लांब खोली, भिंतीवर उंचीनुसार टांगलेल्या करवती, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि मधोमध मास्तर. उंच, हडकुळे, खिशात फूटपट्टी. भाच्याने एक कॅमेरा टेबलावर रोखला, दुसरा मास्तरांवर. मास्तरांची मुलगी दातांच्या दवाखान्यातून सुट्टी काढून दुभाषी म्हणून आली होती.

मास्तरांनी हात हलवून काहीतरी विचारलं. मुलगी हसली. "बाबा विचारतायत, हे सगळं तुम्ही कशाने कापणार?"

"कानाने," आत्या ऐटीत म्हणाली. "सांग त्यांना. मी बघत नाही. शेवटी तपासतानाही पाठ करून बसते."

मुलीने ते हातांनी सांगितलं. मास्तरांनी भुवया उंचावल्या, मग दोन बोटांची कात्री करून ती स्वतःच्या कानाशी नेली आणि दोनदा चालवली.

"हे तुमचं नाव झालं," मुलगी म्हणाली. "आमच्यात प्रत्येकाला हातावरचं नाव असतं. बाबा सहसा लगेच देत नाहीत."

आत्या खूश झाली. खरं तर तिथेच तिचे कान उपटले गेले होते, पण तिला तो मान वाटला. परतताना तिने रिक्षात दोन बोटं कानाशी नेऊन पाहिली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, तेव्हा केस सारखे केल्यासारखं केलं.

काम तिने झपाट्याने उरकलं. मास्तर फळी शोधतायत, टेबल झाडतायत, मुलगी मध्ये येऊन काही विचारतेय, असा रिकामा वेळ ढीगभर होता. आत्याने तो हाताने काढायचा कंटाळा केला आणि लाडकं बटण दाबलं. मास्तरांचं बोलणं हातांचं आहे हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं, चांगलं कळत होतं. पण कळणं डोक्यात होतं आणि बटण बोटाखाली. प्रत्येक धडा पटापट आटोपशीर होत गेला. तिने पाठ केली, चहा घेतला, कान टवकारले. करवत, रंधा, हातोडी, पुन्हा करवत. काय लय होती! कुठे म्हणून अडखळ नाही. भाच्याला तिने दारातूनच सांगितलं, "लोणी झालंय, लोणी." वर मुलांना फोनवर बघता यावं म्हणून तिने प्रोग्रॅमकडून उभ्या आकाराची प्रतही करून घेतली.

मास्तर आणि त्यांची मुलगी बघायला आले, तेव्हा आत्या नवी साडी नेसून सोफ्याच्या टोकावर बसली होती. भाच्याने टीव्ही लावला.

पडद्यावर मास्तरांनी फळी उचलली आणि ठोकायला लागले. मग रंधा मारायला लागले. मग पुन्हा ठोकायला लागले. खाली प्रोग्रॅमने स्वतःच्या अकलेने मजकूर टाकला होता. रंधा चालला की अक्षरं उमटायची: "टाळ्या." करवत चालली की पुन्हा: "टाळ्या."

मास्तर शांतपणे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मुलीला खांद्यावर थोपटलं आणि हात हलवले. मुलीला हसू आवरेना.

"बाबा विचारतायत, हा माणूस एवढा ठोकतोय, बोलत का नाही? कुणाशी भांडण झालंय का त्याचं?"

आत्याही हसायला गेली आणि हसू गालातच राहिलं. तिने पहिल्यांदा डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. मास्तर बोलतच नव्हते. फळी हातात घेतली की थेट ठोकणं. हात मोकळे झाले की ते क्षण गेलेले. बटणाने आवाज असेल ते ठेवलं होतं आणि आवाज नसेल ते फेकलं होतं. म्हणजे मास्तरांचं सगळं म्हणणं फेकलं होतं आणि त्यांची हातोडी तेवढी ठेवली होती.

भाच्याने घाईघाईने उभ्या आकाराची प्रत लावली. ती त्याहून वाईट. प्रोग्रॅमने चेहरा बरोबर मधोमध धरला होता आणि हात कडेला कापले होते.

गोल पात्याच्या करवतीचा धडा आला आणि मास्तर उठले. आता ते थट्टा करत नव्हते. त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने धरून दाखवली.

"बाबा म्हणतात, मशीन सुरू करायच्या आधी हात कुठे ठेवायचा, कुठे नाही, हे त्यांनी समजावलं होतं," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "ते यात नाहीये. हे बघून मुलं बोटं घालवतील."

खोलीत पंख्याचा आवाज होता, खाली चष्मेवाल्याचं शटर वाजलं, आणि आत्याला हे सगळं इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की तिला स्वतःच्या कानांची चीड आली.

"शनिवारी शाळेत दाखवायचंय," भाचा तिच्यामागोमाग आतल्या खोलीत येऊन पुटपुटला. "आत्या, मी बाहेर देतो. माझ्या ओळखीचा एक जण आहे."

"तुझा उद्धट पोरगाच..." आत्या प्रोग्रॅमच्या नावाने खडे फोडायला लागली आणि मध्येच थांबली. प्रोग्रॅमने काय केलं होतं? शांतता काढ म्हटलं, त्याने काढली. पडद्याकडे पाठ कुणी केली होती?

"चूक माझी आहे," ती म्हणाली. असं ती फारसं म्हणत नसे. "आणि दुरुस्तही मीच करणार. शनिवारी मी शाळेत उभी राहीन. नाही जमलं, तर सोमवारी तुझा तो पोपटी फोनचा डबा माझ्या हातात दे. पण तोवर त्या ओळखीच्याला फोन लावलास तर बघ."

मग ती बाहेर गेली, मास्तरांसमोर उभी राहिली आणि मुलीला मध्ये न घेता त्यांना नमस्कार केला. मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. ती होकाराची होती की नाइलाजाची, हे तिला कळलं नाही.

पहिलं काम तिने हे केलं की स्पीकरची वायर उपटली आणि कपाटात टाकली.

दुसरं, उलटं फिरवायचं बटण. दाबलं मात्र, मास्तरांचं सगळं बोलणं जागच्या जागी परत आलं, एकही क्षण हरवला नव्हता. आत्याचा जीव भांड्यात पडला. जुना प्रोग्रॅम असता तर आज ती कपाळाला हात लावून बसली असती, हे तिने मनोमन कबूल केलं आणि पडद्याची कड बोटाने हलकेच थोपटली.

पण आता ढीग पुन्हा तसाच समोर होता, आणि कान बंद. आवाज नाही म्हटल्यावर कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं, हेच तिला समजेना. अंदाजाने कापलं. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः येऊन तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. मुलगी दवाखान्यात कामावर होती, दुभाषी कुणी नाही. आत्याने कापलेलं दाखवलं. मास्तरांनी टेबलावर टकटक केलं. चूक. तिने सरकवलं. टकटक. पुन्हा सरकवलं. टकटक.

"अहो, पण वाक्य संपलं कुठे?" ती वैतागून म्हणाली आणि मग आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात येऊन तिने हवेत हात पसरले. मास्तरांनीही हवेत हात पसरले. दोघं एकमेकांकडे बघत बसली.

शेवटी ती हट्टाला पेटली. कापणं सोडलं आणि नुसतं बघायला लागली. एक धडा पूर्ण. मग दुसरा. तिच्या आयुष्यात तिने इतका वेळ सलग कुणाकडे पाहिलं नसेल, नवऱ्याकडेसुद्धा नाही. आणि बघता बघता ती खुर्चीत ताठ झाली.

मास्तर फळीवर पेन्सिलीने खूण करायचे. आणि काही सांगायचं असलं की पेन्सिल कानावर अडकवायचे. साहजिकच होतं. बोलायला दोन्ही हात मोकळे लागतात. सांगून झालं की पेन्सिल पुन्हा हातात यायची. नुसतं इकडेतिकडे करताना, फळी शोधताना पेन्सिल हातातच असायची. पेन्सिल कानावर गेली की बोलणं सुरू. कानावरून उतरली की संपलं.

आत्याने पडद्यावरच्या पेन्सिलीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या कानावर. मास्तरांनी नकळत हात कानाकडे नेला. पेन्सिल तिथेच होती. त्यांना स्वतःलाही ही सवय माहीत नव्हती. ते असे हसले की त्यांच्या घशातून एक मोठा, खडबडीत आवाज निघाला आणि भाचा धावत दारात आला.

"काय झालं?"

"काही नाही. काम चाललंय. दार लाव."

त्यानंतर गाडी रुळावर आली. नव्या प्रोग्रॅमात चित्रात काय आहे ते शोधायची सोय होती. आत्याने त्याला कानावरची पेन्सिल शोधायला लावली. बऱ्याच ठिकाणी त्याने बरोबर शोधली, काही ठिकाणी पटाशीलाच पेन्सिल म्हणाला आणि एकदा तर खिडकीच्या गजाला. पण एवढ्या मदतीनेही काम निम्म्यावर आलं. उरलेलं तिने डोळ्यांनी भरून काढलं. एका ठिकाणी कापलं की पुढचं सगळं आपोआप मागे सरकायचं, दोन्ही कॅमेरे हातात हात घालून. टेबलावरचं काम दिसायला हवं तिथे एक, मास्तर बोलतात तिथे दुसरा. मास्तर टकटक करायचे, पण आता क्वचित.

अवघड खुणा मुलांना कळाव्यात म्हणून तिने एक तुकडा सावकाश केला. प्रोग्रॅमने मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरली आणि मास्तरांच्या उजव्या हाताला सहावं बोट फुटलं. मास्तरांनी ते पाहिलं, आपली बोटं मोजली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बोटं जातील म्हणून धास्ती होती, इथे वाढली होती. आत्याने तो तुकडा होता त्या वेगाने ठेवला आणि लागोपाठ दोनदा लावला. उभी प्रतही तिने प्रोग्रॅमच्या हातून काढून घेतली आणि चौकट एकेका वाक्याला स्वतः धरली. चेहरा अर्धा गेला तरी चालेल, हात पूर्ण.

गोल पात्याच्या करवतीचा धडा तिने शेवटी घेतला. त्यातलं बोलणं तिने एका कणानेही कापलं नाही. मास्तर पातं दाखवतात, हात कुठे ठेवायचा ते दाखवतात, मग एक बोट उचलून समोर बघत नुसते थांबतात. ते थांबणं लांब होतं. कुठल्याही भाषणात आत्याने ते बिनदिक्कत उडवलं असतं. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी टकटक केलं नाही, नुसतं बोट उचललं आणि तिच्या डोळ्यांत बघत थांबले. आत्या समजली. मुलांच्या डोक्यात शिरायला तेवढा वेळ लागतो.

शनिवारी कार्यशाळेत बाकं मांडली होती. मुलं दाटीवाटीने बसली. भाचा आठवण म्हणून कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभा होता आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याने आधी काही पाहिलं नव्हतं, कारण आत्याने दार उघडलंच नव्हतं. आत्या पहिल्या बाकावर बसली, पडद्याकडे तोंड करून.

पडद्यावर मास्तरांनी पेन्सिल कानावर अडकवली. मुलांच्या माना वर झाल्या. पुढे जे झालं ते आत्याने पूर्ण पाहिलं. मुलं आपापल्या मांडीवर हात हलवून मास्तरांची वाक्यं पुन्हा म्हणत होती. एका जागी सगळी एकदम हसली, विनोद काय होता ते तिला कळलं नाही, पण तो कापला गेला नव्हता. गोल पात्यापाशी मास्तरांनी बोट उचललं आणि थांबले. अख्खी खोली थांबली. शेवटच्या बाकावरच्या दांडगट पोरानेसुद्धा आपली बोटं हळूच मुठीत घेतली.

संपलं तेव्हा सगळ्या मुलांनी दोन्ही हात वर केले आणि हवेत थरथरवले. खोलीभर हातच हात. आवाज कसलाच नाही. आत्याला डोळे पुसायचे होते, पण पुसले तर तेवढं बघायचं राहून जाईल, म्हणून तिने ते तसेच वाहू दिले.

मास्तर तिच्यासमोर आले. त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि नेहमीप्रमाणे कानाशी नेली. मग मान हलवून नाही म्हटलं. कात्री कानावरून हळूच पुढे सरकवली आणि डोळ्याशी आणून दोनदा चालवली.

"बाबांनी नाव बदललं," मुलगी म्हणाली. "हे ते कधीच करत नाहीत."

सोमवारी सकाळी आत्या आतल्या खोलीत आली. बाहेरच्या खोलीतला पोपटी फोन भाच्याच्या टेबलावर होता आणि भाचाच तो उचलून तारीख सांगत होता. टेबलावर शनिवारच्या कार्यक्रमाचं चित्रण ठेवलेलं होतं. शाळेला त्याची छोटी क्लिप हवी होती. तिने ते नव्या प्रोग्रॅममध्ये टाकलं. तो थोडा वेळ गोल गोल फिरला आणि मग त्याने लांबलचक पट्टा लाल करून दाखवला. वर केलेले सगळे हात, मास्तर, कात्री, तिचं नवं नाव, सगळं त्या लाल पट्ट्यात होतं. खाली चौकोन उगवला:

"इथे शांतता सापडली. काढू का?"

आत्याने "नाही" दाबलं. चौकोन गेला आणि लगेच पुन्हा आला: "नक्की?"

"नक्की रे बाबा," ती म्हणाली, प्रेमाने म्हणाली, आणि पुन्हा दाबलं.

दारात हालचाल दिसली. भाचा उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात दोन कप. पाऊल आत टाकलेलं नव्हतं.

"आत्या, येऊ का?"

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. हात मात्र वर केला आणि शेजारची खुर्ची दाखवली. "ये. पण गप्प बस आणि बघ."